झाडाची साक्ष आणि ज्वालामुखीचं नाव

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. प्रश्नोत्तरांतला निवडक भाग शेवटी दिला आहे.)

आजचं व्याख्यान थोडं तपासणीचं आहे. एखाद्या शोधाची ओळख करून द्यायची, कौतुक करायचं आणि थांबायचं, असं आज करणार नाही. एक पद्धत आपण हातात घेणार आहोत. तिचा दावा काय, तिच्या हाती खरोखर किती आलं, आणि तिच्याबद्दल बाहेर काय बोललं जातं, हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचं आहे.

पद्धत अशी. जुन्या झाडाच्या खोडातलं एकेक वलय घ्यायचं, त्यात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते मोजायचं, आणि त्यावरून हजारो वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकाचं वर्ष शोधायचं. ऐकायला फार सुंदर वाटतं, आणि त्यात तथ्यही आहे. पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: झाड वर्ष फार चांगलं सांगतं, ज्वालामुखीचं नाव मात्र सांगत नाही. रसायनामुळे नावही कळेल अशी आशा होती. ती आशा अजून पुरी झालेली नाही, आणि ती पुरी झाल्यासारखं बोलणं हा या क्षेत्राचा जुना रोग आहे. ज्या एका प्रकरणात हा रोग सगळ्यात स्पष्ट दिसतो, तेच आज घेऊ.

थेराचा प्रश्न

ग्रीसच्या दक्षिणेला एजियन समुद्रात सँटोरिनी बेट आहे. फोटोंत पांढरी घरं आणि निळे घुमट दिसतात ना, तेच. त्याचं जुनं नाव थेरा. ती घरं ज्या कड्यावर उभी आहेत तो कडा म्हणजे ज्वालामुखीच्या महाकाय खड्ड्याचा काठ आहे. कांस्ययुगात इथे प्रचंड उद्रेक झाला आणि बेटावरचं अक्रोतिरी नावाचं नगर राखेखाली गाडलं गेलं. १९३९ मध्ये स्पिरिदोन मारिनातोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने असा सिद्धान्त मांडला की क्रीट बेटावरच्या मिनोअन संस्कृतीचा विध्वंस याच उद्रेकाने झाला. पुढे १९६७ मध्ये त्यांनीच अक्रोतिरीचं उत्खनन सुरू केलं. घरं मिळाली, भांडी मिळाली, भिंतींवरची अप्रतिम चित्रं मिळाली. वर्ष मात्र कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मग वर्ष कसं काढायचं? मडक्यांवरून. एजियन भागातली मडकी आणि इजिप्तच्या वस्तू कुठे एकत्र सापडतात ते बघायचं. इजिप्तकडे राजांच्या याद्या आहेत, त्यांना ते जोडून घ्यायचं. या वाटेने गेलं की उद्रेक इ. स. पू. १५०० च्या आसपास येतो. पण किरणोत्सारी कार्बनने मोजायला सुरुवात झाली आणि उत्तर शंभरेक वर्षं मागे सरकलं, सतराव्या शतकाच्या अखेरीकडे.

आता कुणी म्हणेल, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत शंभर वर्षं इकडे तिकडे झाली तर बिघडलं काय? बिघडतं. अहमोस या राजाने हिक्सोस राज्यकर्त्यांना हाकलून इजिप्तचं अठरावं राजघराणं सुरू केलं, तो काळ साधारण इ. स. पू. १५५०. उद्रेक १६२८ चा धरला तर तो अहमोसच्या आधी पाऊणशे वर्षं पडतो. १५०० चा धरला तर नंतर पन्नास वर्षं. म्हणजे अक्रोतिरीतले लोक नक्की कोणत्या इजिप्तशी व्यापार करत होते, हिक्सोसांच्या की अठराव्या घराण्याच्या, याचं उत्तरच उलटतं. थेराची राख पूर्व भूमध्य प्रदेशात अनेक ठिकाणी सापडते. तिच्या खालचं ते आधीचं, वरचं ते नंतरचं, असा तो एक पक्का थर आहे. त्या थराचं वर्ष हललं की त्याला टांगलेला सगळा इतिहास हलतो.

थंडीची खूण

या भांडणात झाडं कशी आली ते बघू. सागाच्या ओंडक्याचा आडवा छेद तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातली वलयं वर्षाला एक अशी असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या अशा वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालेला आहे. चांगल्या वर्षी वलय रुंद, वाईट वर्षी अरुंद. जिवंत झाडाच्या वलयांचा नमुना जुन्या मेलेल्या झाडाच्या नमुन्याशी जुळवायचा, तो आणखी जुन्या लाकडाशी, असं करत मागे जायचं. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधले ब्रिसलकोन पाइन हजारो वर्षं जगतात, त्यामुळे तिथे ही साखळी फार लांब जाते, आणि त्यात एका वर्षाचीही चूक राहत नाही.

१९८४ मध्ये लामार्श आणि हिर्शबॉक या दोघांनी एक गोष्ट दाखवली. वाढीच्या हंगामात अचानक कडाक्याची थंडी पडली तर त्या वलयातल्या पेशी गोठून चुरगळतात. याला हिमवलय म्हणू. अशी हिमवलयं आणि माहीत असलेले मोठे उद्रेक यांचं चांगलं जुळतं, कारण उद्रेकातलं गंधक वर वातावरणात पसरतं, सूर्यप्रकाश अडवतं आणि एक-दोन वर्षं थंडी वाढते. मग त्यांनी मागे जाऊन इ. स. पू. १६२८ ते १६२६ च्या दरम्यानचं एक हिमवलय उचललं आणि म्हटलं, हे थेराचं. १९८८ मध्ये बेली आणि मन्रो यांना आयर्लंडच्या ओक वृक्षांत १६२८ पासून अरुंद वलयं सापडली. दोन खंड, दोन जातींची झाडं, वर्ष एकच. १६२८ हे थेराचं वर्ष म्हणून कितीतरी पुस्तकांत बसलं.

आता यातला तर्क नीट बघा. मोठा उद्रेक झाला की थंडी पडते. १६२८ ला थंडी पडली. म्हणून थेरा १६२८ चा. गावात चोरी झाली, त्या सुमाराला एक अनोळखी माणूस रस्त्यावर दिसला, म्हणून तोच चोर, असं म्हणण्यासारखं आहे हे. पृथ्वीवर ज्वालामुखी एक नाही.

आणि झालं तसंच. ग्रीनलंडच्या बर्फात इ. स. पू. १६४५ च्या आसपासचा एक आम्लाचा थर होता. तोसुद्धा थेराचाच म्हणून १९८७ मध्ये मांडला गेला होता. त्या थरात काचेचे अतिसूक्ष्म कण होते. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेची रासायनिक घडण वेगळी असते. २००४ मध्ये पिअर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही काच अलास्कातल्या अनिअॅकचॅक ज्वालामुखीशी जुळते. पुढे २०१९ मध्ये मॅकॲनेनी आणि बेली यांनी असं मांडलं की बर्फाची कालगणनाच थोडी चुकलेली आहे, ती दुरुस्त केली तर १६४५ चा तो थर १६२८ वर येतो. २०२२ मध्ये शार्लट पिअर्सन आणि सहकाऱ्यांच्या बर्फाच्या अभ्यासाने त्याला दुजोरा दिला. १६२८ चा उद्रेक अनिअॅकचॅकचा. थेराचा नव्हे.

म्हणजे झाडं पहिल्यापासून बरोबर होती. १६२८ ला जगात काहीतरी मोठं घडलं, हे त्यांनी अचूक सांगितलं होतं. नाव आपण घातलं होतं.

रसायन कशाला आणलं

वलयाची रुंदी आणि हिमवलय यांतून फक्त थंडी कळते, आणि थंडी कुठल्याही मोठ्या उद्रेकाने पडते. ज्वालामुखीचा माल थेट झाडात पोचला असेल तर तो शोधावा, अशी कल्पना त्यामुळेच पुढे आली. २००५ च्या एका शोधनिबंधाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं: वृक्षवलयांच्या रसायनावरून जुन्या उद्रेकांची नेमकी वर्षं कळू शकतील का? राख आणि आम्ल जमिनीवर पडतं, मातीतलं रसायन बदलतं, मुळं ते पाणी ओढतात, आणि त्या वर्षीच्या लाकडात त्याचा अंश राहतो, असं गृहीत आहे.

२००९ मध्ये पिअर्सन, मॅनिंग, कुनिहोम आणि इतरांनी तुर्कस्तानातल्या पोर्सुक या ठिकाणच्या लाकडावर हे करून पाहिलं. या लाकडात एक विलक्षण गोष्ट आहे: अचानक काही वर्षं झाडं जोमाने वाढली. एजियन प्रदेशाच्या नोंदीतली ही सगळ्यात ठळक विकृती. वलयं सुटी करून, विरघळवून, मास स्पेक्ट्रोमीटरने मोजली, तेव्हा विकृती सुरू झाल्यावर गंधक, कॅल्शियम आणि काही दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं वाढलेली दिसली. ज्वालामुखीकडून अपेक्षा असते तशीच.

पण या लाकडाचं वर्ष कोणतं? इथे खरी गंमत आहे. अनातोलियाची ही वलयमालिका तेव्हा तरंगती होती, म्हणजे आजच्या झाडांपर्यंत अखंड जोडलेली नव्हती. १९९६ मध्ये ही जोमदार वाढ १६२८ च्या उद्रेकाशी जोडली गेली. २००१ मध्ये कार्बनची नवी मापनं आली आणि सगळी मालिका सुमारे २२ वर्षं मागे सरकली. विकृती १६५० च्या आसपास गेली. १६२८ सुटलं. आणि २०२२ च्या बर्फाच्या अभ्यासात थेरासाठी जी उमेदवार वर्षं उरली ती १६११, १५६२ ते १५५५ आणि १५३८. त्यांत १६५० बसतच नाही. म्हणजे पोर्सुकच्या झाडांना जे काही झालं असेल, त्यावर थेराचं नाव लावणं आज अवघड आहे. निबंधाचे लेखक सावध होते, लाकडाला नंतर लागलेल्या मातीचा आणि ओलीचा परिणाम असू शकतो असं त्यांनी लिहिलं होतं. तरी प्रश्न उरतोच: हे मूलद्रव्यांचं चित्र ज्वालामुखीचं आहे की ज्वालामुखीचं असावं म्हणून आपण तसं वाचतो?

कॅल्शियमची अडचण

झाडातलं रसायन एका साध्या कारणाने कटकटीचं आहे. झाड जिवंत असतं. लाकडाचा बाहेरचा फिकट भाग पाणी वाहून नेतो, आणि तो बरीच वर्षं कामात असतो. यंदा मुळांनी ओढलेलं एखादं मूलद्रव्य यंदाच्या वलयात थांबेलच असं नाही. ते आतल्या जुन्या वलयांत सरकू शकतं. फिकट लाकडाचं गडद गाभ्यात रूपांतर होताना झाड काही उपयोगी द्रव्यं काढूनही घेतं. मातीतून मुळांपर्यंत यायला वेळ लागतो तो वेगळाच. मग वलय १६०० चं असलं तरी त्यातलं कॅल्शियम १६०० चंच, हे कशावरून?

दुसरी अडचण दिशेची. आम्लाचा पाऊस पडला की सुरुवातीला मातीतलं कॅल्शियम सुटं होतं आणि मुळांना जास्त मिळतं. पण तेच पाण्याबरोबर वाहून गेलं की माती कॅल्शियममध्ये गरीब होते आणि झाडाला कमी मिळतं. म्हणजे वलयात कॅल्शियम वाढलं तरी ज्वालामुखी, कमी झालं तरी ज्वालामुखी. ज्या पुराव्याची दोन्ही टोकं एकाच निष्कर्षाला चालतात, त्या पुराव्याला वजन किती द्यायचं, हे आधी ठरवायला हवं.

तिसरी अडचण शेजाऱ्यांची. जंगलाला वणवा लागला तरी राख पडते, आणि लाकडाच्या राखेत कॅल्शियम भरपूर असतं. दुष्काळ, झाडाला झालेली इजा, हे सगळेही वलयाचं रसायन बदलू शकतात. आणि लाकूड हजारो वर्षं मातीत किंवा ओलीत पडून राहिलं असेल तर त्याचा हिशेब निराळाच.

१५६० चा दावा

आता २०२० चा निबंध. हा मला या विषयातला सगळ्यात चांगला वाटतो, म्हणूनच त्याची झाडाझडती घ्यायची. तुर्कस्तानात गॉर्डिऑन इथे मिडासच्या नावाने ओळखली जाणारी एक प्रचंड समाधी-टेकडी आहे. तिच्या आत जुनिपरचे जुने ओंडके आहेत. त्या प्रदेशाच्या तरंगत्या मालिकेला पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी १७०० ते १४८० या काळातल्या वर्षावर्षाच्या कार्बनच्या मापनांनी नीट बांधलं. मग १६३० ते १५०० या काळातली सगळी वलयं क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासली. यात लाकूड विरघळवावं लागत नाही, पट्टी यंत्राखालून सरकवत जायची. त्यात १५६० च्या आसपास कॅल्शियमचा एक असामान्य बदल दिसला.

यातली दाद देण्यासारखी गोष्ट सांगते. त्यांनी आधी वर्ष ठरवून त्या वर्षाची वलयं उघडली नाहीत. शक्य असलेला सगळा काळ तपासला आणि काय वर येतं ते पाहिलं. १९८४ च्या तुलनेत ही फार मोठी सुधारणा आहे. शिवाय लेखकांनी निबंधाच्या सारांशातच म्हटलं आहे की याची पुनरावृत्ती आणि आणखी विश्लेषण हवं, ही थेराची संभाव्य खूण म्हणून तपासण्याजोगी आहे. एवढंच.

निबंध वाचकापर्यंत पोचतो तेव्हा मात्र हे 'संभाव्य' आणि 'तपासण्याजोगी' वाटेत गळून पडतं. हातात उरतं ते 'झाडांनी थेराचं वर्ष सांगितलं'. १६२८ च्या बाबतीत हेच झालं होतं. म्हणून मी तीन प्रश्न विचारते. एक: १३० वर्षांत एक असामान्य बदल दिसला, पण हजार वर्षांत असे किती दिसतात? तीनशे वर्षांना एक असेल तर गोष्ट वेगळी, पन्नास वर्षांना एक असेल तर वेगळी. दोन: थेरापासून दूरच्या, राख पोचूच शकणार नाही अशा जागच्या त्याच जातीच्या झाडांत त्या वर्षी काय दिसतं? तीन: हा बदल बाकी पुराव्यांशी बसतो का? इथे मतभेद उघड आहेत. २०२२ मध्येच स्टर्ट मॅनिंग यांनी कार्बनच्या सगळ्या मापनांचं सांख्यिकीय विश्लेषण करून उद्रेक १६०० च्या आसपास, १६०६ ते १५८९ च्या दरम्यान असण्याची शक्यता सर्वाधिक असल्याचं मांडलं. एके काळी एकाच निबंधावर ज्यांची नावं होती ते अभ्यासक आज वेगवेगळ्या दशकांत उभे आहेत.

जे जमलं ते का जमलं

एवढं ऐकून झाडांचं रसायन निरुपयोगी आहे असं वाटेल. तसं नाही. एक उदाहरण पूर्ण यशाचं आहे. २०१२ मध्ये फुसा मियाके आणि सहकाऱ्यांनी जपानच्या देवदारसदृश सुगी वृक्षांत दाखवलं की इ. स. ७७४ ते ७७५ मध्ये किरणोत्सारी कार्बन एकदम उसळला होता. कारण अवकाशातून आलेले कण. पुढे जगभरच्या झाडांत तीच उसळी त्याच वर्षी मिळाली. २०१५ मध्ये मायकेल सिगल आणि सहकाऱ्यांनी त्याच घटनेची खूण ध्रुवीय बर्फात शोधली, आणि बर्फाची जुनी कालगणना काही वर्षांनी चुकलेली आहे हे सिद्ध झालं. ती दुरुस्त केल्यावर सहाव्या शतकातले उद्रेक आणि झाडांतली थंडीची वर्षं नीट एकमेकांवर बसली. ५३६ साली सूर्य मंद झाल्याची वर्णनं भूमध्य प्रदेशातल्या लेखकांनी करून ठेवली होती, त्यांनाही आधार मिळाला.

हे जमलं आणि कॅल्शियमचं जमत नाही, असं का? कारण कार्बन हवेतून येतो, पानात साखर होते, आणि सेल्युलोजच्या साखळीत एकदा गुंफला की तिथेच राहतो. त्या वर्षाचा कार्बन त्या वर्षाच्या वलयात. हवा सगळ्या जगाची एक, म्हणून जपानचं झाड आणि युरोपचं झाड एकच साक्ष देतात. कॅल्शियम मातीतून येतं, माती जागोजागी वेगळी, आणि ते लाकडात हिंडतं. एक साक्षीदार जागेवर बसलेला आहे, दुसरा फिरता.

मेक्सिकोच्या पारिकुटिनचं उदाहरणही शिकण्यासारखं आहे. हा ज्वालामुखी १९४३ मध्ये एका शेतात फुटला आणि १९५२ पर्यंत धगधगत राहिला. वर्षं आपल्याला माहीत आहेत, जवळची झाडं उभी आहेत. शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यांची वलयं तपासली तेव्हा वाढीतला बदल दिसला आणि गंधक व फॉस्फरस वाढलेलंही दिसलं. पद्धत आधी अशा जागी पारखायची, जिथे उत्तर माहीत आहे. मग अंतर वाढवत न्यायचं: दहा किलोमीटरवर खूण राहते का, शंभरवर राहते का, कोणत्या मातीत पुसली जाते? हे काम कंटाळवाणं आहे, त्याला मथळे मिळत नाहीत. पण ते झाल्याशिवाय शेकडो किलोमीटर दूरच्या थेराबद्दल गॉर्डिऑनच्या ओंडक्याने दिलेली साक्ष किती मानायची, हे कुणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा झाडाकडून वर्ष घ्यावं, काचेच्या कणांकडून नाव घ्यावं, आणि दोन्ही जुळल्याशिवाय निकाल लिहू नये. १६२८ चा निकाल अखेर असाच लागला. थेराचा लागेल तोही बहुधा असाच लागेल.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सँटोरिनीवर राखेत गाडलेली ऑलिव्हची फांदीच सापडली आहे ना? मग आणखी पुरावा कशाला?

फांदी सापडली, ती उद्रेकातच गाडली गेली, म्हणून तिचं मोल मोठं. २००६ मध्ये फ्रीडरिख आणि सहकाऱ्यांनी तिच्या वलयांचा क्रम आणि कार्बनची मापनं जोडून इ. स. पू. १६२७ ते १६०० असं उत्तर काढलं. पण ऑलिव्ह हे वलयांच्या बाबतीत बेभरवशाचं झाड. त्याची वलयं अस्पष्ट, कधी एका वर्षात दोन, कधी एकही नाही. वेगवेगळ्या तज्ज्ञांना एकाच ऑलिव्हची वलयं मोजायला दिली तर आकडे जुळत नाहीत, हे पुढे दाखवलं गेलं. २०१८ च्या एका अभ्यासात जिवंत ऑलिव्हच्या फांदीतही सालीलगतचं लाकूड काही ठिकाणी दशकांनी जुनं निघालं. पुरावा जागेवरचा आहे, त्याचं घड्याळ मात्र ढिलं आहे.

प्रश्न: इतकं अनिश्चित असेल तर पुरातत्त्वज्ञांनी मडक्यांवरच विश्वास ठेवावा का?

नाही. मडक्यांची साखळी इजिप्तच्या राजांच्या याद्यांना टांगलेली आहे, आणि त्या याद्यांतही दुरुस्त्या होत आल्या आहेत. मडकी, कार्बन, बर्फ, झाड, हे चारही आपापल्या परीने अपुरे साक्षीदार आहेत. त्यांतला एक आपल्या बाजूने बोलतोय म्हणून बाकीच्यांना गप्प करायचं नाही, आणि तो जेवढं बोलला त्यापेक्षा जास्त त्याच्या तोंडी घालायचं नाही. बातमी वाचताना तुम्ही एवढंच बघा: झाडाने वर्ष सांगितलंय, का नावही सांगितलंय? नाव असेल तर ते कुणी घातलं, हे विचारा.